लादीवर लादी, खाली काकू

आमच्या बाथरूमचं दार खालून दोनदा कापलेलं आहे. दार काही वाढलं नव्हतं, जमीन वर आली होती. बिल्डरने दिलेली मूळची ठिपक्यांची मोझॅक होती. मी पाचवीत असताना बाबांनी तिच्यावर पांढऱ्या लाद्या बसवून घेतल्या. पुढे ताईचं लग्न ठरलं तेव्हा त्या पांढऱ्यांवर निळसर खरखरीत लाद्या आल्या, पाहुणे घसरू नयेत म्हणून. दोन्ही वेळा दार अडायला लागलं, दोन्ही वेळा सुतार आला, दार काढून आडवं घातलं आणि दोन बोटं उडवून परत लावून गेला.

हे आमच्याच घरचं नाही. डोंबिवली पूर्वेला आमची चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत आहे. एका मजल्यावर चार घरं, म्हणजे सोळा बाथरूम, आणि सोळाच्या सोळा अशीच वर आलेली. जुनी लादी कोणी फोडत नाही. फोडली की हादरे बसतात, खालचे ओरडतात, सोसायटीला लिहून द्यावं लागतं आणि आठ दिवस आंघोळीचे वांधे. वरून चिकटवली की दोन दिवसांत काम तमाम. घरात लग्न निघालं की आधी बाथरूमवर नवी लादी, मग भिंतींना रंग, मग पत्रिका. हा क्रम आमच्याकडे मुहूर्तासारखा पाळतात. त्या लाद्यांचं वजन कुठे जातं, हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही. मीही नाही. माझ्या बाबतीत हे जास्त लाजिरवाणं आहे, कारण असले प्रश्न विचारणं हेच माझं काम.

मी पत्रकं लिहिते. मोडकळीला आलेल्या इमारतींत राहणाऱ्यांसाठी धावपळ करणारा आमचा सात-आठ जणांचा गट आहे. नौपाड्यात, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्ल्यांत, कल्याणला, मी जिने चढून चढून पत्रकं वाटलेली आहेत. 'तडा लपवू नका, तडा दाखवा' हे ठळक अक्षरांतलं वाक्य माझं. 'उद्यावर टाकणं म्हणजे खालच्याच्या डोक्यावर टाकणं' हेही माझंच. नौपाड्यात एका आजोबांनी पत्रक पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "बाळ, तू राहतेस कुठे? तिथे वाटलंस का हे?"

"आमची इमारत ठीक आहे," मी म्हणाले.

"हो का," म्हणाले आणि पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. तेव्हा मला राग आलेला. आता ते आजोबा सारखे आठवतात.

तर भावाचं लग्न ठरलं आणि बाबा जेवताना म्हणाले, "बाथरूम करून घेऊ."

"म्हणजे अजून एक थर?"

"थर काय म्हणतेस? लादी आहे. केक आहे का तो?"

"बाबा, दार अजून कापलं तर त्याची खिडकी होईल."

आईला हसू आलं, मग तिने ते पाण्याबरोबर गिळलं. मी जोर धरला. लाद्यांमधले जॉइंट काळे पडले होते, पाणी वाहून जायच्या जाळीजवळच्या, म्हणजे नहाणी ट्रॅपजवळच्या, एका लादीवर पाय पडला की पचक् करून कडेने पाणी वर यायचं, बाहेरच्या पॅसेजच्या भिंतीला ओल होती. मी म्हटलं, नवी लादी नको. जुने जॉइंट काढू, इपॉक्सीचे नवे भरू, पाणी थांबलं तर प्रश्न मिटला.

"काढणार कोण?"

"मी."

"तू पत्रकं काढ," बाबा म्हणाले. पण दोन दिवसांनी कबूल झाले. पहिली पत्रिका कुळदेवीपुढे ठेवायला दोघं चार दिवस गावाला निघाले होते, भाऊ नोकरीला पुण्यात. बाबा दारातून म्हणाले, "आम्ही यायच्या आत आवर. आणि खालच्या काकूंना त्रास नको. सकाळी पाण्याच्या वेळेला त्या धुणं धुतात."

खालच्या काकू म्हणजे बरोबर आमच्या खालच्या घरातल्या. शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या, एकट्या राहतात. वॉशिंग मशीन आहे, त्यावर त्या पापड वाळत घालतात. नऊ वाजता पाणी आलं की स्टूल घेऊन बाथरूममध्ये बसायचं आणि लाकडी धोपाटण्याने कपडे बडवायचे. थाप्, थाप्, थाप्. लहानपणापासून त्या आवाजावर मी शाळेला निघालेय.

जॉइंट काढायचं मशीन मला शहाडच्या मित्राने दिलं. तो लादीचं काम करतो. आमच्या गटात सभांना येत नाही, पण कुठे भिंत ठोकून बघायची असली की त्यालाच बोलावतात. मल्टीटूल म्हणतात त्या मशीनला. हातात मावणारं, टॉर्चसारखं, आणि तोंडाला अर्धगोल पातं. पात्याच्या कडेला दाते नाहीत, खरखरीत कणी लावलेली असते. ते गोल फिरत नाही. जागच्या जागी डावीउजवीकडे इतकं भराभर थरथरतं की डोळ्यांना नुसतं धूसर दिसतं.

"गो बाय, यो दाबाचा नाय," तो म्हणाला. "फकस्त धराचा. आपलाच खातंय तो जॉइंट. दाबलास तं लादीची कड उडंल."

"आणि धूळ?"

"मास्क लाव, चष्मा लाव. पानी मारू नको वरशी, शॉक बसंल. तुमची पत्रकं वाचून तं मी मास्क लावाला शिकलू, तुलाच काय सांगू?" मग हसणं बंद करून म्हणाला, "कुठं पोकळ वाजला, नायतं ब्लेड आत गेला, तं थांबाचा. मना फोन कराचा. तिथं डोका लावाचा नाय."

पहिला दिवस चांगला गेला, खरं सांगते. काकूंचं धुणं उरकल्यावर मी सुरुवात केली. दाताच्या डॉक्टरकडे असतो तो आवाज, फक्त खोलीएवढा. पातं जॉइंटच्या मधोमध टेकवायचं, आणि काळा पडलेला सिमेंटचा जॉइंट पिठासारखा बाहेर यायला लागतो. एक रेघ, मग दुसरी. मनगट झिणझिणतं, नाकावरच्या मास्कच्या आत घाम साचतो, पण स्वच्छ झालेली खाच बघून बरं वाटतं. संध्याकाळपर्यंत पाऊण जमीन झाली. ट्रॅपजवळचा कोपरा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो उरकून टाकू म्हणून मी घाई केली. काकूंचं धुणं चालू असतानाच मशीन लावलं. सकाळचे साडेनऊ झाले होते. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पचक् करणाऱ्या लादीच्या जॉइंटवर पातं टेकवलं आणि ते आत गेलं. मी दाबलं नव्हतं. लोण्यात गेल्यासारखं गेलं, मुठीपर्यंत. आवाज एकदम बदलला, जाड झाला, जसा रिकाम्या पिंपाच्या तोंडाशी बोलल्यावर होतो. मी मशीन बंद केलं. खाचेतून ओला माल वर आला होता. सिमेंट नव्हतंच ते. भिजवलेल्या रव्यासारखं होतं, बोटांनी चिमटीत आलं आणि विरघळलं.

तिथे थांबायचं होतं. फोन करायचा होता. मी स्क्रूड्रायव्हर घालून लादी उचलली.

एकटी निघाली नाही ती. निळी, तिच्याखालची पांढरी, तिच्याखालची मोझॅक, तिन्ही थरांचा एकच जाड तुकडा उचलला गेला आणि मला दोन्ही हात लावावे लागले. खाली काँक्रीट असायला पाहिजे होतं. ट्रॅपच्या पाइपला लागून, माझा पंजा जाईल एवढं, काहीच नव्हतं. कडेने एक सळई दिसत होती, फुगून तिचे पापुद्रे सुटले होते. मी मोबाइलचा टॉर्च लावला.

हातभर खाली पांढरं प्लास्टिक होतं. पट्ट्यापट्ट्यांचं, हल्ली सगळीकडे लावतात ते सीलिंग, आणि मला त्याची पाठ दिसत होती. त्या पाठीवर ढीग पडला होता. काँक्रीटचे तुकडे, गंजाचे पोपडे, ओली माती. काही तुकडे अर्ध्या नारळाएवढे. पट्ट्या मधोमध खाली झुकल्या होत्या. दोन पट्ट्यांच्या फटीतून खालच्या ट्यूबलाइटची रेघ वर येत होती. थाप्. ढिगावरचा एक खडा हलला. थाप्. आणखी एक घरंगळला.

"निघ मेल्या," खालून काकूंचा आवाज आला, इतका जवळून की मी दचकले. कॉलरवरच्या डागाशी बोलत होत्या. "निघ म्हणते ना!"

मी ओरडायला पाहिजे होतं. 'काकू, बाहेर या' एवढे तीन शब्द होते. माझ्या आवाजात मेगाफोनशिवाय आख्खा नाका जागा करण्याचा जोर आहे, असं लोक म्हणतात. मी तोंड उघडलं नाही. श्वास धरून, गुडघ्यांवर, जिच्यावर बसले होते ती जमीन हलेल म्हणून न हलता, मी काकूंचं धुणं संपायची वाट बघितली. ते संपलं. नळ बंद झाला. कडी वाजली. मग मी बाबांचा जुना बनियन भोकात कोंबला, त्याच्यावर लादीचा तो तुकडा ठेवला, हळूच, झोपलेल्या माणसाच्या अंगावर ठेवावा तसा, आणि मागे मागे सरकत बाहेर आले. दार ओढून घेतलं. कडी लावली. कोणाला कोंडत होते कोण जाणे.

पुढे काय होतं ते मला नीट माहीत होतं, म्हणून भीती जास्त. ज्याला माहीत नसतं तो निदान आशेवर असतो. मी दुसऱ्यांच्या घरांत बसून हे सगळं केलेलं आहे: फोटो, अर्ज, पाहणी, जिन्यात चिकटवलेली नोटीस, मग घर सोडायची वेळ, मग भाड्याच्या खोलीत उशाशी रचलेली भांडी. आमच्या दारावर तोरण बांधायचं होतं, आणि मला तिथे नोटीस दिसत होती. बाबांनी आयुष्यभर कारखान्यात पाळ्या करून हे एक घर केलं. एका सकाळी मी त्यांना सांगायचं की ते राहण्यालायक नाही?

मुद्दे मला पटकन सुचतात, सवय आहे. एक, इतकी वर्षं पडलं नाही ते लग्नापर्यंतच्या अठरा दिवसांत पडणार नाही. दोन, लग्न उरकलं की लगेच अर्ज करू. तीन, प्लास्टिकने धरून ठेवलंय की. हे तीन मुद्दे मला लोकांनी शेकडो वेळा ऐकवलेले आहेत आणि दरवेळी मी त्यांना चारचौघांत झापलेलं आहे. माझ्याच डोक्यात ते इतक्या गोड आवाजात बोलायला लागतील असं वाटलं नव्हतं.

दुपारी शहाडवाल्याचा फोन आला. "झाला क काम?"

"झालं."

"पोकळ कुठं?"

"नाही."

"मंग बराय. उद्या मशीन नेतू."

आयुष्यात मी त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. तेही दोन शब्दांत.

संध्याकाळी काकू वर आल्या. हातात ताटली, त्यावर अळूवड्या. "आई नाही म्हणून उपाशी असशील. चेहरा बघ कसा झालाय. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसतेस."

"जॉइंट काढतेय बाथरूमचे."

"ऐकलं ना. दोन दिवस माझ्या कानात भुंगा आहे. मुलीने मशीन चालवावं, चांगलं आहे. पण ते तोंडाला बांधायचं बांधतेस ना?"

"हो." मी अळूवडी हातात धरून उभी होते. "काकू, तुमच्या बाथरूमला ते प्लास्टिकचं सीलिंग कधी केलंत?"

"ते? तुझ्या ताईच्या लग्नात. तुमचे पाहुणे माझ्याकडे आंघोळीला यायचे नव्हते का? वरून टपटप गळायचं, प्लॅस्टर सुटलं होतं. पाहुण्यांना काय दाखवायचं ते? लावून टाकलं. छान दिसतं की नाही?"

"आम्हाला सांगायचंत ना, गळतंय म्हणून."

"लग्नघराला कसली तक्रार सांगायची?" काकू म्हणाल्या. "नंतर सांगू म्हटलं. मग ते झाकलंच गेलं. दिसेना, तर आठवेना."

असं होतं ते. वर आम्ही पाहुण्यांसाठी लादी चढवली, खाली काकूंनी पाहुण्यांसाठी पट्ट्या लावल्या. एकमेकांना त्रास नको म्हणून. मधे चार बोटं स्लॅब होता, त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

तिथेच सांगायला हवं होतं. इतकी चांगली संधी कोणाला मिळत नाही. मी म्हणाले, "काकू, उद्या धुणं बाहेर गॅलरीत धुवा ना. इथून धूळ येईल खाली."

"गॅलरीत? समोरच्या बिल्डिंगला काय कार्यक्रम दाखवायचाय? धुळीला मी नाही भीत, चाळीस वर्षं खडू खाल्लाय." जाताना त्यांनी माझ्या गालावरची पांढरी भुकटी पदराने पुसली. "अळूवडी खा. नुसती धरून काय बसलीस?"

ती अळूवडी माझ्याच्याने गिळवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी साडेआठपासून बाथरूमच्या बंद दाराबाहेर बसले होते. आत पाऊल टाकायची हिंमत नव्हती. आंघोळ केलेली नव्हती, तोंड स्वयंपाकघरातल्या मोरीत धुतलं होतं. नऊला पाणी आलं. खाली बादली भरायला लागली. स्टूल सरकवल्याचा आवाज. मग थाप्.

मी मोजायला लागले. का ते विचारू नका. चालू आहे म्हणजे ठीक आहे, एवढंच. प्रत्येक थापेला मला तो खडा हललेला दिसायचा. मला पट्ट्यांची झुकलेली पाठ दिसायची आणि खाली काकूंचा विंचरलेला, मधोमध भांग पाडलेला पांढरा माथा. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. मग आवाज थांबला.

मी वाट पाहिली. पुढची थाप आली नाही. नळ चालू होता, बादली वाहत असल्याचा आवाज येत होता, आणि काकू बादली कधी वाहू देत नाहीत.

मी जिना कसा उतरले आठवत नाही, चप्पल नव्हती एवढं आठवतं. बेल दाबली, दार बडवलं, "काकू! काकू!" शेजारच्यांनी दार किलकिलं केलं. आतून काही नाही. मग कडी निघाली. काकू उभ्या होत्या, कोपरापर्यंत साबण, कानाला खांद्याने फोन धरलेला. "थांब गं जरा, कोणीतरी आलंय," असं फोनवरच्या बहिणीला म्हणाल्या, आणि मला, "काय झालं? आग लागली का?"

"बाहेर या. आत जाऊ नका. नळ राहू दे. तुम्ही बाहेर या."

त्यांना जिन्यात उभं करून मी सगळं सांगितलं. भोक, सळई, ढीग, सगळं. काकू शांतपणे ऐकत होत्या, साबणाचं पाणी कोपरावरून पायरीवर टपकत होतं. मी संपवल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"हे तू कधी पाहिलंस?"

मी पायरीवर टपकणाऱ्या साबणाच्या पाण्याकडे बघितलं.

"काल संध्याकाळी मी वर आले तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला गॅलरीत बस म्हणालीस. धुळीचं कारण सांगून." त्यांचा आवाज चढला नाही, वर्गात पोरीने कॉपी केलेली पकडल्यावर जसा राहत असेल तसाच राहिला. "मला वाटलं, पोरगी काळजी करतेय."

मग मी शहाडच्या मित्राला फोन केला, आणि या वेळी खरं बोलले. तो कल्याणला साइटवर होता, रिक्षाने अर्ध्या तासात आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काल बोललीस झाला म्हनून." मग डोक्यावर हेल्मेट घातलं, आम्हा दोघींना काकूंच्या बाहेरच्या खोलीच्या टोकाला उभं केलं, नळ गॅलरीतल्या कॉकने बंद केला आणि बाथरूमच्या दाराबाहेर राहूनच लांब सळईच्या टोकाने सीलिंगची कडेची पट्टी ओढली.

एक पट्टी निघाली. काही झालं नाही. त्याने दुसरीला टोक लावलं, आणि सगळं एकदम आलं. मोठा आवाज नव्हता, धाड-धाड असं काही नाही. डंपर रिकामा करावा तसा एक घसरता आवाज, एका दमात, आणि दारातून करड्या धुळीचा लोट. धूळ बसल्यावर पाहिलं तर बादली आडवी, धोपाटणं कुठेतरी गाडलेलं, आणि स्टूलाचे दोन पाय मोडून ते बसल्यासारखं झालेलं. वर, जिथे छत असतं तिथे, गंजलेल्या सळयांच्या जाळीतून आमच्या ट्रॅपचा पाइप लोंबत होता, आणि बाबांच्या बनियनचं टोक.

काकू स्टूलाकडे बघत राहिल्या. मग हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथून म्हणाल्या, "अर्ज लिही. तुला येतं ना चांगलं."

मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. एक सोसायटीला, एक पालिकेला. वाक्यं आपोआप येत होती, वर्षानुवर्षांची सवय: 'आज सकाळी आमच्या असे निदर्शनास आले की...' वर पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या घराचा नंबर होता. इतकी पत्रकं लिहिली, त्यांवर पत्ता दरवेळी दुसऱ्याचा.

काकूंनी चष्मा लावला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी लाल पेन त्यांच्या डब्यात असतो. त्यांनी पहिली ओळ वाचली, 'आज' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"काल लिही. वेळही लिही."

"काकू, त्याने काही फरक पडत नाही. अर्जाला तारीख आजचीच लागते..."

"मला पडतो. काल सकाळी साडेनऊ. लिही, आणि मग पुढे लिही की खालच्या घरी कळवलं ते आज सकाळी. मग मी सही करते."

मी नवीन कागद घेतला आणि लिहिलं. असं वाक्य मी कुठल्याही पत्रकात कोणाबद्दल छापलं असतं तर त्याच्याखाली जाड रेघ ओढली असती आणि पुढे तीन उद्गारचिन्हं दिली असती. काकूंनी सही केली, त्याच्याखाली मी. मित्राने साक्षीदार म्हणून केली.

दुसऱ्या दिवशी आईबाबा आले. बाबांनी अर्जाची प्रत उभ्या उभ्या वाचली. "लग्न झाल्यावर सांगितलं असतंस..." म्हणाले आणि कागदाची घडी घातली. संध्याकाळी खाली गेले. काकूंचं मोडकं स्टूल घेऊन आले, फेविकॉल आणि खिळे घेऊन गॅलरीत बसले. आईने त्यांना चहा दिला तो तसाच निवला. स्टूल नीट झालं. काकूंनी ते परत नेलं, पण त्या त्याच्यावर बसत नाहीत.

लग्न झालं, पाहुणे दुसरीकडे उतरले. आता आमच्या आणि काकूंच्या घरात लोखंडी टेकू आहेत. आम्ही आंघोळीला शेजारच्या इमारतीत जातो. इंजिनीअर येऊन ठोकून गेले, म्हणाले बाकीचीही उघडून बघावी लागतील. सोळापैकी उघडली दोन. दोन मजल्यांवरच्या लोकांनी दार लावून घेतलं. तळमजल्यावरचे सेक्रेटरी मला जिन्यात म्हणाले, "बाहेर गावभर आगी लावत होतीस, आता घरात लावलीस." त्यांच्या बाथरूमलाही पांढऱ्या पट्ट्या आहेत. मी विचारलं, त्यांच्या पाठीवर काय आहे, पाहिलंत का? ते म्हणाले, मुलीचं लग्न आहे मे महिन्यात, मग बघू. मला त्यांचा राग यायला पाहिजे. येतोही. पण रागाच्या आधी भीती येते, आणि ती त्यांच्यासाठी असते, आणि त्यांच्या वरच्यांसाठीही. मी अजून आमच्या जमिनीवर पाय टेकवताना आधी अंगठा टेकवते.

काकू आता धुणं गॅलरीत धुतात, उभ्याने, कठड्याला फळी लावून. समोरच्या बिल्डिंगला कार्यक्रम दाखवतात. नऊला पाणी आलं की मी कुठेही असले, हातात काहीही असलं, तरी थांबते. माझ्याशी त्या आधीसारख्या बोलत नाहीत. अळूवड्या आल्या नाहीत पुन्हा. पण परवा नळाला पाणी येईना, सव्वानऊ झाले, थाप नाही, आणि मी आमच्या गॅलरीत येऊन कठड्यावरून खाली वाकले. काकू तिथेच होत्या. बादली पुढे घेऊन कोरड्या नळाकडे बघत उभ्या. वर न बघताच म्हणाल्या,

"आहे गं, आहे. पाणीच आलं नाही अजून."